उन्हाळी सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांनी आपखुशीने वाचावे यासाठी शाळेने नेमके काय करावे?

रानजाई
मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा आठवी आणि नववीच्या मुलांसाठी उन्हाळी सुट्टीतील वाचनाचा उपक्रम आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. खरे तर आराखडा आधीच ठरलेला आहे. दहा पुस्तकांची यादी मुलांच्या हाती द्यायची, प्रत्येक पुस्तकाचा एक पानी सारांश वहीत लिहून घ्यायचा, शाळा उघडल्यावर वह्या तपासायच्या आणि ज्यांची पुस्तके सर्वांत जास्त भरतील अशा तिघांना बक्षीस द्यायचे. या आराखड्याने वह्या भरतील याबद्दल मला शंका नाही. मुले वाचतील का, याबद्दल आहे. यापूर्वीच्या वह्यांतले सारांश चाळले तर बरेचसे एकमेकांचे पाहून किंवा पुस्तकाच्या मलपृष्ठावरून उतरवलेले दिसतात.

सहावी-सातवीत हीच मुले ग्रंथालयाच्या तासाला पुस्तकासाठी भांडतात. आठवीत ती थंडावतात आणि नववीत 'हे परीक्षेला आहे का' या प्रश्नापलीकडे जात नाहीत. या वयात वाचनाला जोडलेला हिशेब काढून घेतला पाहिजे, म्हणजे यादी नको, सारांश नको आणि क्रमांकही नको, असे माझे मत आहे. परंतु हे सारे काढून घेतल्यावर शाळेने करायचे काय उरते, हे मला नीट मांडता येत नाही आणि मुख्याध्यापकांना पटेल असे काहीतरी ठोस हाताशी हवे आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर ज्यांनी प्रत्यक्ष काही केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. उपाय सुचवताना एवढे लक्षात घ्यावे की आमच्या गावात पुस्तकांचे दुकान म्हणजे वह्या, गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच विकणारे दुकान.

ठाणेकर_बाबा
आमच्याकडे मे महिना सुट्टीचा राहिलेला नाही. मुलगी यंदा दहावीत जाईल. नववीची परीक्षा संपते न संपते तोच क्लासची व्हेकेशन बॅच सुरू झाली. सकाळचा सारा वेळ तिथे, दुपारी तिथला गृहपाठ आणि शनिवारी चाचणी. उरलेला तासभर ती मोबाइलला देते आणि त्यासाठी तिला बोल लावणे मला जमत नाही, कारण कार्यालयातून परतल्यावर मीही तेच करतो. वाचन का होत नाही याची चर्चा करताना मुलांच्या आवडीपेक्षा आधी त्यांच्या वेळापत्रकाकडे पाहावे.

वि_ना_कारण
बक्षीस म्हणून काय देणार आहात? पुस्तक देऊ नये, एवढीच नम्र विनंती आहे. आम्हा भावंडांना शाळेकडून 'श्यामची आई' इतक्या वेळा मिळाले की घरात प्रत्येकाची स्वतंत्र प्रत होऊन एक पाहुण्यांसाठी शिल्लक राहिली.

शुद्धमती
मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आहे आणि रानजाई यांच्याशी माझा मूळ मुद्द्यावरच मतभेद आहे. 'यादी नको' हे म्हणणे ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे त्या घराला परवडते. ज्या मुलाच्या घरात पंचांग आणि पाठ्यपुस्तके सोडून दुसरे छापील काही नाही, त्याला 'हवे ते वाच' असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. त्याला कोणती पुस्तके अस्तित्वात आहेत हेच ठाऊक नसते. यादी ही त्याच्यासाठी सक्ती नसून ओळख असते. आमच्या शाळेत यादी होती, सारांशही होते आणि त्यातून उत्तम वाचक तयार झालेले मी पाहिले आहेत. शिवाय सारांश लिहिताना मुलांचे लेखन सुधारते, हा लाभ कमी मानू नये.

रानजाई
शुद्धमतीताई, ओळख करून देण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप यादीच्या पोटात काय असते यावरही आहे. माझ्यासमोरच्या दहा पुस्तकांत सात थोरांची चरित्रे आहेत आणि उरलेल्या तीनांच्या नावांत 'यश', 'जिद्द' किंवा 'संस्कार' यांपैकी एक शब्द आहे. मुलाने खदखदून हसावे किंवा रात्री दचकावे, असे त्यात एकही नाही.

कृष्णविवर
मी यंदा दहावीची परीक्षा दिली आहे, त्यामुळे आपण सर्व ज्यांच्याविषयी बोलत आहात त्यांच्यापैकीच मी एक आहे.

आमच्या वर्गात कोणी वाचत नाही, असे शिक्षक नेहमी म्हणत. त्याच वर्गात किती तरी मुले मोबाइलवर जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, वाचत होती आणि पुढच्या भागाची वाट पाहत होती. एक मैत्रीण एका ॲपवर स्वतःची कादंबरी भागाभागाने लिहीत होती आणि तिला अनोळखी वाचकांचे अभिप्राय येत होते. हे आम्ही शिक्षकांना कधीच सांगितले नाही, कारण उत्तर ठाऊक होते. सांगितले असते तर आधी मोबाइल जप्त झाला असता.

मराठी पुस्तकाकडे मी आलो तो यादीमुळे नाही. एका वरच्या वर्गातील मुलाने जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह हातात दिला आणि पहिली गोष्ट आवडली नाही तर उद्या परत आण, असे सांगितले. परत करण्याची मुभा होती म्हणूनच मी तो उघडला. यादीतले पुस्तक नावडले तरी संपवावे लागते आणि आमच्या वयात संपवायलाच हवे असे काही दिसले की आम्ही ते सुरूच करत नाही.

मृगाचा_पाऊस
कृष्णविवर यांचा शेवटचा परिच्छेद मुख्याध्यापकांच्या कक्षात लावून ठेवावा, असे सुचवते.

जुनी_चावी
रानजाईताई, यादी आणि बक्षिसे यांच्यावर वाद घालण्यापूर्वी आपल्या शाळेतील ग्रंथालयाच्या कुलपाकडे पाहावे. मी एका शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून काम करतो. दरवर्षी वार्षिक परीक्षेआधी सूचना निघते की विद्यार्थ्यांकडील सर्व पुस्तके जमा करून घ्यावीत. मग दाखल नोंदवहीशी ताळा करून मोजणी होते, कपाटे बंद होतात आणि किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात जातात. जूनमध्ये शाळा उघडली तरी प्रवेश, पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि तुकड्यांची फेररचना यांत देवघेव सुरू व्हायला जुलै उजाडतो. वर्षातील जो काळ मुलाचा स्वतःचा म्हणता येईल, नेमक्या त्याच काळात शाळेचे एकही पुस्तक त्याच्या घरी नसते. ग्रंथालयातील हजारो पुस्तके उन्हाळाभर वाळवीच्या स्वाधीन आणि शिक्षक मात्र वाचनसंस्कृती लोप पावल्याचे निबंध लिहून घेतात!

हे असे का होते, तर भीतीपोटी. पुस्तक हरवले तर त्याची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न शेवटी ग्रंथपालाच्या खिशापाशी येऊन थांबतो. त्यामुळे पुस्तक न देणे हे त्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित ठरते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांविषयी एक तरतूद आहे. वर्षभरात वाचकांनी घेतलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे स्वाभाविक मानावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असे त्यात म्हटले आहे. हा नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहे आणि आपल्या शाळांना तो थेट लागू होत नाही. पण पुस्तके वापरली की काही हरवणारच, हे सरकारी नियमावलीनेही मान्य केलेले आहे, एवढे मुख्याध्यापकांना दाखवता येते. शाळा समितीने तशाच स्वरूपाचा एक साधा ठराव करून ठेवला तर ग्रंथपालाचा जीव भांड्यात पडेल.

ठाणेकर_बाबा
हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मुलीच्या शाळेतही मार्चमध्ये पुस्तके जमा करण्याची चिठ्ठी येते आणि आम्ही ती परीक्षेच्या तयारीचा भाग समजून मुकाट्याने पाळतो.

मृगाचा_पाऊस
कुलूप केवळ शाळेतच असते असे नाही. आमच्या तालुक्याला चांगले जुने सार्वजनिक वाचनालय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली मान्यता आहे, अनुदान मिळते, बालविभागाची पाटीही आहे. प्रत्यक्षात मोठ्या दालनात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालते, वृत्तपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी असतात आणि देवघेवीची वेळ सायंकाळची असते. त्या वेळी पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीने तिथे जाऊन कपाटे चाळत उभे राहणे, हे आमच्याकडे सहज घडत नाही. अभ्यासिकेला माझा विरोध नाही, त्या मुलांनाही जागा हवीच. पण सुट्टीपुरती सकाळची दोन तासांची वेळ केवळ शाळकरी मुलांसाठी ठेवा, अशी विनंती आम्ही काही पालकांनी केली तेव्हा वाचनालयाने ती मान्य केली. मुली गटाने येऊ लागल्या. आता तिथे पुस्तकांपेक्षा गप्पा अधिक होतात अशी तक्रार आहे, आणि मला ती तक्रार फार आवडते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगते. सुट्टी लागली की मुलगा मोकळा होतो आणि मुलगी पापड, कुरडया, पाहुणे व धाकटी भावंडे यांत अडकते. तिच्या हातात शाळेने दिलेले पुस्तक असेल तर 'शाळेचे आहे' असे सांगून तिला तासभर बसता येते. शुद्धमतीताईंच्या सक्तीचा हा एक अनपेक्षित फायदा मानावा लागेल.

शुद्धमती
चला, माझ्या बाजूने कोणीतरी बोलले!

दूरदेशी
आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि येथील बऱ्याच हायस्कुलांत सुट्टीसाठी नेमलेली पुस्तके असतात. शाळा उघडल्यावर त्यांवर निबंध किंवा चाचणी होते. माझा मुलगा आणि त्याचे मित्र काय करतात, तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात इंटरनेटवरून सारांश वाचतात. म्हणजे सांगलीतील वह्या आणि येथील निबंध यांत फारसे अंतर नाही. याउलट आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या उन्हाळी उपक्रमात मुलाने काय वाचावे हे कोणी ठरवत नाही आणि तिथली गर्दी मी स्वतः पाहते.

या विषयावर येथे संशोधनही झाले आहे. रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रान्झेन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब घरांतील मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तके देण्यात आली होती. ती पुस्तके मुलांनी स्वतः निवडली होती आणि त्यांत लोकप्रिय कलाकारांविषयीची पुस्तकेही होती. ज्यांना पुस्तके मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा ही मुले वाचनाच्या चाचणीत पुढे राहिली. अर्थात ती प्राथमिक शाळेतील मुले होती, त्यामुळे नववीच्या मुलांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही जुनी_चावी यांच्या कुलपाशी त्याचा संबंध सरळ आहे.

तळटीप
बक्षिसांविषयी एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतील अशा मुलांची निवड केली ज्यांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते. काहींना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगितले, काहींना न सांगता अचानक दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर तसा परिणाम झाला नाही. रानजाईताई, बक्षीस द्यायचेच असेल तर आधी जाहीर करू नका.

शुद्धमती
तळटीप यांनी सांगितलेला प्रयोग ज्यांना आधीच गोडी आहे त्यांच्याविषयीचा आहे. ज्यांना गोडीच नाही त्यांचे काय, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तळटीप
आपला आक्षेप रास्त आहे. मात्र रानजाईताईंच्या आराखड्यात बक्षीस सर्वांत जास्त वाचणाऱ्या तिघांना आहे, म्हणजे ज्यांना गोडी आहे त्यांनाच. ज्याला नाही त्याला पहिल्याच दिवशी कळते की ही शर्यत आपली नव्हे.

चंद्रपुरी
विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, कारण उन्हाळाच तसा असतो. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही, कूलरसमोर सारे घर आडवे होते आणि वीज गेली तर मोबाइलही फार वेळ साथ देत नाही. माझे सारे वाचन त्या दुपारींचे आहे आणि त्यातील मोठा वाटा नारायण धारपांच्या भयकथांचा आहे. भर दुपारी घाम फुटलेला असताना अंगावर शहारा आणण्याची ताकद दुसऱ्या कशात मी अनुभवली नाही. चरित्रे मी पुढे आवडीने वाचली, पण दार धारपांनी उघडले. ज्यांना मुलांनी वाचावे असे वाटते त्यांनी भयकथा आणि रहस्यकथा यांना मागच्या दाराने का होईना, आत घ्यावे.

वि_ना_कारण
धारप वाचलेली मुले रात्री पाणी प्यायलाही उठत नाहीत, हा धोका पालकांना आधी लेखी कळवावा.

शुद्धमती
आमच्या पिढीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकाखाली लपवून वाचल्या जात. त्यांनी हजाराहून अधिक लिहिल्या, त्यामुळे संपण्याचा प्रश्न नव्हता. मला तेव्हाही त्यात फारसे साहित्य दिसले नाही आणि आताही दिसत नाही, परंतु मी त्या भरपूर वाचल्या हे नाकारत नाही.

मृगाचा_पाऊस
इथे खरी अडचण वयाची आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा ताम्हनकरांचा गोट्या पाचवी-सहावीपर्यंत उत्तम चालतो, नंतर मुलांना तो 'लहान मुलांचा' वाटू लागतो. आणि नेमाड्यांची 'कोसला' नववीत हाती दिली तर बहुतेकांना तिची लय सापडत नाही. तेरा ते सोळा या वयासाठी मराठीत मुद्दाम लिहिलेले फार थोडे आहे आणि ती पोकळी इंग्रजी कादंबऱ्या व मांगा भरून काढतात, त्यात मुलांचा दोष नाही. मोठ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून या वयाला रुचणारी शोधावी लागतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' माझ्या अनुभवात हमखास चालते, कारण ती छोटी आहे आणि तिचा नायक कोवळ्या वयात मास्तर म्हणून परक्या गावी गेलेला आहे. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे चरित्र असूनही मुले सोडत नाहीत, हेही नोंदवते, नाही तर साऱ्याच चरित्रांवर अन्याय होईल.

कृष्णविवर
'बनगरवाडी' मी दहावीच्या परीक्षेनंतर वाचली. कोणी सांगितले नव्हते, पाने कमी होती म्हणून उचलली.

दूरदेशी
बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. ज्या मुलांच्या हातातून मोबाइल सुटणारच नाही त्यांच्यासाठी ते उपयोगी पडतील. परदेशातील मराठी घरांना तर त्याचा मोठाच आधार आहे.

ठाणेकर_बाबा
सातारा जिल्ह्यातील पाचगणीजवळच्या भिलारला, म्हणजे २०१७ साली सुरू झालेल्या पुस्तकांच्या गावाला, सहल न्यावी असे सुचवणार होतो. सांगलीहून ते फार लांब नाही. आम्ही मुलीला घेऊन गेलो तेव्हा एका घराच्या ओसरीत ती बराच वेळ बसून वाचत होती.

जुनी_चावी
सहल चांगली आहे, पण मुले एका दिवसात परत येतात आणि प्रश्न दीड महिन्याचा आहे. मला नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना अधिक उपयोगाची वाटते. तिथे पुस्तकांची पेटी वाचकांच्या एखाद्या गटाकडे काही महिने राहते, सदस्य आपापसांत पुस्तके फिरवतात आणि मग पेट्यांची अदलाबदल होते. हीच रीत शाळेने वाडीनिहाय वापरावी. ज्या वाडीतून आठ-दहा मुले शाळेत येतात त्या वाडीत एका घरी एक पेटी ठेवावी. एकेका मुलाच्या नावावर पुस्तक चढवण्याची गरज उरत नाही आणि कोणी गावाला गेले तरी पेटी जागेवर राहते.

रानजाई
सर्वांचे मनापासून आभार. आज मुख्याध्यापकांशी बोलणे झाले. जुनी_चावी यांनी सांगितलेला नियम दाखवल्यावर त्यांचा सूर बदलला, कारण त्यांची खरी काळजी लेखापरीक्षणाची होती, हे त्यांनी स्वतःच सांगितले. ठरलेले असे आहे. निकालाच्या दिवशी पालक शाळेत येतातच, त्या दिवशी सभागृहात टेबलांवर पुस्तके उघडी मांडून ठेवायची आणि प्रत्येक वाडीतील मुलांनी आपल्या पेटीत काय जाईल ते स्वतः निवडायचे. भयकथा आणि विज्ञानकथा वेगळ्या टेबलावर ठेवणार आहे आणि त्या टेबलापाशी शिक्षक उभे राहणार नाहीत. शुद्धमतीताईंचा मुद्दा राखण्यासाठी ज्या मुलांना काय घ्यावे हे सुचत नाही त्यांच्याकरिता दहावीतील चार-पाच वाचणारी मुले टेबलांजवळ असतील. हे काम शिक्षकांपेक्षा ती अधिक चांगले करतील, असे कृष्णविवर यांच्या अनुभवावरून वाटते.

सारांशाची वही रद्द झाली आहे. बक्षीस मात्र पूर्ण रद्द करून घेता आले नाही. संस्थेच्या एका देणगीदारांनी त्यासाठी रक्कम आधीच दिलेली आहे. ती रक्कम जुलैत नवीन पुस्तकांसाठी वापरावी आणि ती कोणती घ्यायची हे नववी-दहावीच्या मुलांनी ठरवावे, असा प्रस्ताव मी ठेवला आहे. उत्तर अजून आलेले नाही. व्हेकेशन बॅचला जाणाऱ्या मुलांसाठी माझ्याकडे काहीच उपाय नाही, हे ठाणेकर_बाबांना प्रामाणिकपणे सांगते.

ठाणेकर_बाबा
क्लासच्या संचालकांना शनिवारची चाचणी मे महिन्यापुरती बंद ठेवण्याची विनंती आम्ही पाच-सहा पालक मिळून करणार आहोत. यश येईल असे वाटत नाही, पण विचारून पाहू.

शुद्धमती
दहावीच्या मुलांना टेबलाशी उभे करण्याची कल्पना मला पटली. वही रद्द केल्याचे अजूनही पटलेले नाही. निदान ज्यांना लिहायची इच्छा आहे त्यांच्यासाठी पेटीत एक कोरी वही असू द्यावी, कोणी तपासू नये. माझ्याकडे 'किशोर'चे बरेच जुने छापील अंक आहेत. ते पेट्यांसाठी द्यायला मी तयार आहे, शाळेचा पत्ता निरोपातून कळवावा.

रानजाई
ताई, कोरी वही नक्की ठेवते आणि पत्ता पाठवते. जुनी_चावी, एक शेवटची शंका आहे. पेटी ज्या घरी ठेवायची त्या पालकांची सही घ्यावी का? सही म्हटली की लोक घाबरतात आणि पेटीच नको म्हणतात.

जुनी_चावी
सही घेऊ नये. पेटीतील पुस्तकांची यादी कार्बन लावून दोन प्रतींत करावी, एक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी आणि दुसरी शाळेत ठेवावी. पेटी मुलांच्या गटाच्या नावावर द्यावी, घराच्या नावावर नको. आणि दुर्मीळ किंवा महाग पुस्तके मुळातच टेबलावर मांडू नयेत, म्हणजे जूनमध्ये मोजणी करताना कोणाचीच झोप उडणार नाही.